जुनी वस्ती पायी पाहताना: रमतगमत भटकण्याची पद्धत

शहराचा जुना भाग बघायला निघालेले बहुतेक जण यादी घेऊन निघतात. दहा-बारा ठिकाणं, नकाशावर खुणा, प्रत्येकाला वीस मिनिटं. संध्याकाळी पायांचे तुकडे पडलेले असतात, फोनमध्ये शेकडो फोटो असतात आणि कुठली कमान कुठल्या चौकातली हे कुणालाच धड सांगता येत नाही. जुन्या वस्तीत पाहण्यासारखं जे असतं, त्यातलं बरंचसं दोन प्रसिद्ध ठिकाणांच्या मधल्या बोळात असतं, आणि तिथून आपण फोनमध्ये डोकं खुपसून झपाझप पुढे गेलेलो असतो.

खालची पद्धत कुठल्याही जुन्या वस्तीला चालते. तिला पैसे फारसे लागत नाहीत. अर्धा दिवस मोकळा लागतो आणि काही गोष्टी न बघता सोडून देण्याची तयारी लागते. ही दुसरी अट जास्त अवघड.

आधी वस्ती लहान करा

पहिलं काम बेताला कात्री लावण्याचं. सपाटीवर माणूस ताशी साधारण चार ते पाच किलोमीटर चालतो आणि हाच हिशेब धरून लोक दिवस आखतात. पण थांबत, वर-खाली बघत, मध्येच कुठे टेकत चाललं की हा वेग किलोमीटर-दीड किलोमीटरवर येतो. म्हणजे तीन तासांत फार तर चार-साडेचार किलोमीटर, तेही गल्ल्यांची सगळी वळणं धरून. नकाशावर हा सुमारे अर्धा किलोमीटर लांब आणि तेवढाच रुंद तुकडा होतो. एका वेळी एवढाच घ्या.

कमी वाटेल, पण जुनी शहरं मुळात चालणाऱ्याच्या मापानेच वसलेली असतात. जेरुसलेमचं तटाच्या आतलं जुनं शहर जेमतेम एक चौरस किलोमीटरचं आहे आणि तेवढ्यात चार वेगवेगळ्या वस्त्या मावल्या आहेत. ते सगळं एका दिवसात उरकणारे असतातच. त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच विचारावं.

तुकडा निवडायचा कसा? आधी जुन्या वस्तीची कड शोधा. वाकड्यातिकड्या गल्ल्या अचानक संपून रुंद रस्ता लागतो, तिथे पुष्कळदा पूर्वी तट किंवा खंदक असायचा. व्हिएन्नात सम्राट फ्रान्झ जोसेफने १८५७ साली तट पाडायचा हुकूम दिला आणि त्या पट्ट्यात रिंगस्ट्रास हा हमरस्ता झाला. आजही नकाशा उघडला की जुनं शहर कुठे संपत होतं ते त्याच्या वळणावरून दिसतं. मुंबईच्या फोर्ट भागाचा तट १८६०च्या दशकात पाडला, तिथे तर नावच साक्षीला उरलंय.

कड सापडली की तिच्या आतला असा कोपरा घ्या, ज्यात एक बाजाराची गल्ली, एक प्रार्थनास्थळ आणि निदान एक निव्वळ राहत्या घरांची गल्ली असेल. तिसरी गोष्ट सोडू नका. नुसता स्मारकांचा पट्टा घेतला तर दिवसभर आपल्यासारखेच पाहुणे बघायला मिळतात.

आदल्या दिवशी: दोन नकाशे, तीन प्रश्न

एक आजचा नकाशा आणि एक जुना, दोन्ही शेजारी ठेवून बघा. जुने नकाशे आता मोठ्या ग्रंथालयांच्या आणि अभिलेखागारांच्या संकेतस्थळांवर फुकट बघता येतात. कुठल्या गल्ल्या दोन्ही नकाशांत तशाच आहेत, कुठला रस्ता नवा फोडलाय आणि कुठलं पाणी बुजवून टाकलंय, एवढं पेन्सिलीने टिपलं तरी अर्धी तयारी झाली.

जुन्या नकाशांत एक तर मुद्दाम बघण्यासारखा आहे. जाम्बातिस्ता नोल्लीने १७४८ साली रोमचा जो नकाशा छापला, त्यात इमारती गडद आणि रस्ते-चौक पांढरे आहेत. पण चर्चच्या आतली जागाही त्याने पांढरीच ठेवली, कारण रस्त्यावरून चालणारा माणूस तिथे सरळ आत जाऊ शकत होता. आपल्या तुकड्याकडे याच नजरेने बघा. मंडई, वाचनालय, प्रार्थनास्थळ, संग्रहालयाचं आवार, बाग अशा कुणालाही शिरता येईल अशा जागा हेरून ठेवा. ऊन, पाऊस, तहान, पाठीची कळ आणि स्वच्छतागृह, सगळ्यांची सोय यातूनच निघते. त्यांच्या वेळा मात्र आदल्या दिवशीच बघा. पुष्कळ प्रार्थनास्थळं दुपारी बंद असतात किंवा प्रार्थनेच्या वेळी बाहेरच्यांना आत घेत नाहीत.

इतिहास वाचायचा तो बेताचाच. तीन प्रश्नांपुरता. वस्ती इथेच का झाली: नदी पार करायचा उतार, बंदर, टेकडी, व्यापारी वाट? इथे कुठले धंदे होते? आणि मोठं संकट कधी आलं: आग, भूकंप, पूर, युद्ध? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. लिस्बनमध्ये १ नोव्हेंबर १७५५ रोजी भूकंप झाला आणि नदीकाठचा बायशा हा भाग जमीनदोस्त झाला. राजाचा मंत्री असलेल्या पोम्बालच्या मार्केसने तो सरळ रेघांत, काटकोनात पुन्हा बांधून घेतला. शेजारच्या टेकडीवरच्या अल्फामाची गल्लीरचना मात्र बरीचशी टिकली. आज बायशातून अल्फामात शिरलं की काही मिनिटांत रस्ता वळायला, चढायला आणि अरुंद व्हायला लागतो. तारीख ठाऊक असली की हे का, ते पाटी न वाचता कळतं.

तुकड्याचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. उंच भिंतींच्या अरुंद बोळात फोनवरचा निळा ठिपकाही शेजारच्या गल्लीत उडी मारतो.

वेळ आणि पायताण

दुकानं उघडायच्या तासभर आधी पोचा. एक तर गर्दी नसते. दुसरं म्हणजे सकाळचं ऊन तिरपं असतं, आणि तिरप्या उजेडात दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, पुसट झालेली अक्षरं, गिलाव्याखालचे उंचवटे उठून दिसतात. हेच भरदुपारी सपाट होतं. तिसरा फायदा असा की वस्ती कामाला लागताना दिसते: फळ्या निघतात, पाणी मारलं जातं, माल उतरतो.

बूट नवे नकोत. तळाला पकड हवी. शतकानुशतकं घासलेली फरसबंदी ओली झाली की काचेसारखी होते. लिस्बनच्या चुनखडीच्या पदपथांवरून पावसात घसरणं ही तिथल्या रहिवाशांचीही नित्याची तक्रार आहे. खांद्याला लहान पिशवी, त्यात पाणी, वही-पेन्सिल आणि जमलं तर छोटी दुर्बीण. दुर्बीण ऐकून लोक हसतात, पण तिसऱ्या मजल्याच्या सज्जाखालचं कोरीवकाम उघड्या डोळ्यांनी दिसत नाही.

गुडघे कुरकुरत असतील किंवा बरोबर वयस्कर मंडळी असतील, तर चढाच्या वस्तीत वरून खाली या. बसने, लिफ्टने, जे असेल त्याने माथा गाठायचा आणि उतरत यायचं. पायऱ्या कुठे आहेत ते आदल्या दिवशी नकाशावर बघून ठेवा. चाकाच्या खुर्चीसाठी किंवा बाळाच्या गाडीसाठी पायऱ्यांइतकाच गोटेरी रस्ताही त्रासाचा असतो, त्यामुळे रस्त्यांचे फोटो आधी बघितलेले बरे.

पहिला अर्धा तास: काहीच करायचं नाही

कॅमेरा पिशवीत, फोन खिशात. एका चौकात किंवा नाक्यावर उभं राहा आणि दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, कुठूनही दिसेल अशी उंच खूण: मनोरा, घुमट, टेकडी. दुसरी, जमिनीचा उतार कुठल्या बाजूला आहे. उतार बहुतेक ठिकाणी पाण्याकडे नेतो, आणि पाणी सापडलं की दिशा सापडते. मग जवळच्या घरांच्या एका चौकोनाला चारही बाजूंनी एक फेरी मारून परत त्याच जागी या. एवढं झालं की नकाशा न बघता भटकायला मोकळे.

यानंतर वाट चुकली तरी बिघडत नाही, उलट चुकावीच. तुकडा लहान असल्याने पाच-सात मिनिटांत कुठल्या तरी ओळखीच्या कोपऱ्यावर निघताच. बोळ पुढे बंद असेल, अंधारलेला असेल किंवा मनाला बरं वाटत नसेल तर मात्र शहाणपणा न दाखवता मागे फिरायचं.

भिंत वाचायची ती खालून वर

कुठल्याही एका घरासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, पाच मिनिटं उभं राहा. नजर आधी पायाशी.

जमीन. घरात शिरताना रस्त्यावरून पायरी खाली उतरावी लागत असेल, तर घर खचलंय असं लगेच समजू नका. रस्ताच वर आलेला असण्याची शक्यता मोठी: दर डागडुजीला थरावर थर. कोपऱ्यावरच्या भिंतीला खालच्या बाजूला एखादा फुगीर दगड टेकवलेला असेल, तर तो गाड्यांची चाकं भिंतीला घासू नयेत म्हणून बसवलेला. एवढ्या अरुंद बोळातून गाड्या जात होत्या, हे त्या दगडामुळे कळतं. युरोपातल्या शहरांत फरसबंदीत तळहाताएवढ्या पितळी चौकटी दिसल्या तर थांबा. गुंटर डेमनिग या जर्मन कलावंताने १९९०च्या दशकात सुरू केलेल्या कामातली ती स्मृतिचिन्हं आहेत. दहा सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर नाव, जन्मसाल आणि नाझी राजवटीत त्या माणसाचं काय झालं ते. ती बहुधा त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोरच बसवलेली असतात, आणि वाचायला वाकावंच लागतं.

दार. मोठ्या दाराच्या पोटात लहान दिंडी असेल तर मोठं दार गाडी-घोड्यासाठी आणि दिंडी माणसांसाठी. उंबरठा मधोमध झिजलाय की एका बाजूला, तेही बघा. एका बाजूची झीज म्हणजे दुसरी झडप सहसा बंदच असायची.

आता घराचा क्रमांक, ज्याकडे कुणीच बघत नाही. पॅरिसमध्ये १८०५ पासून नियम आहे: नदीला काटकोनात जाणाऱ्या रस्त्यांचे क्रमांक सीन नदीकडून सुरू होतात, नदीला समांतर रस्त्यांचे प्रवाहाबरोबर वाढतात, आणि सम-विषम आकडे दोन बाजूंना. एवढं ठाऊक असलं तर होकायंत्राचं काम दारावरचा आकडा करतो. व्हेनिसमध्ये उलट कारभार. तिथे क्रमांक रस्त्याप्रमाणे नाहीत, शहराच्या सहा विभागांपैकी एकेका विभागात सलग फिरत जातात, त्यामुळे आकडे चार-चार अंकी होतात. प्रागच्या घरांवर दोन पाट्या असतात: निळीवर रस्त्यातला क्रम, लालवर त्या भागातला नोंदणी क्रमांक. नोंदणीची ही पद्धत ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजवटीने १७७०च्या सुमारास सैन्यभरतीसाठी लावली. त्याआधी घरं चिन्हांनी ओळखली जायची, आणि तिथल्या नेरुदोवा रस्त्यावर तीन व्हायोलिनं, दोन सूर्य अशी चिन्हं दारांवर अजून आहेत.

खिडक्या. बुजवलेली खिडकी दिसली की तिच्या चौकटीच्या कडा निरखा. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. पण प्रत्येक आंधळी खिडकी कराची नसते. काही मुळातच दर्शनी बाजू दोन्हीकडून सारखी दिसावी म्हणून तशा बांधलेल्या. फरक बघून ओळखायचा: बुजवणीची वीट भोवतीच्या विटेपेक्षा वेगळ्या रंगाची, मापाची असेल आणि थर जुळत नसतील तर ती नंतर भरलेली.

भिंतीच्या अंगावर राखाडी, कडक ठिगळ असेल तर ते सिमेंटचं. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली घेतलं, म्हणजे ते ठिगळ त्यानंतरचं, आणि बऱ्याचदा फार अलीकडचं. विटांच्या सांध्यांतला चुना मऊ असतो, भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून धरतं, मग बिचारी जुनी वीट स्वतःच्या कडा झाडायला लागते. सांधा शाबूत आणि वीट आत झिजलेली, असं उलटं चित्र दिसलं की दुरुस्तीनेच दुखणं वाढवलंय असं समजा. हे एकदा बघायची सवय लागली की जवळजवळ प्रत्येक जुन्या शहरात दिसतं.

शेवटी माथा. ॲमस्टरडॅमच्या कालव्यांकाठच्या घरांच्या शिखरातून एक तुळई बाहेर आलेली असते, तिला आकडा. जिने इतके अरुंद की सामान बाहेरून दोराने खेचून खिडकीतून आत घ्यावं लागतं. वर जाणारा बोजा भिंतीला घासू नये म्हणून पुष्कळ घरं मुद्दाम रस्त्याकडे किंचित झुकती बांधली आहेत. सगळीच झुकलेली घरं पडायला आलेली नसतात!

एक घर झालं की मागे सरून रस्त्याचा आकार बघा. कारण नसताना गोलाई घेणारी घरांची रांग म्हणजे खाली काहीतरी जुनं असण्याची खूण. रोमचा नावोना चौक लांबट आणि एका टोकाला गोल आहे, कारण तो सम्राट डोमिशियनच्या पहिल्या शतकातल्या क्रीडांगणावर उभा आहे. प्रेक्षकांच्या बैठकांच्या जागी घरं आली, मैदान मोकळंच राहिलं. रस्त्यांची नावंही वाचत चला. लिस्बनच्या बायशात सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा रस्ता आहे. लंडनच्या चीपसाइडजवळ ब्रेड स्ट्रीट आणि मिल्क स्ट्रीट आहेत. आज तिथे पाव-दूध शोधायला जाऊ नये, पण जुना बाजार कुठल्या गल्लीत काय विकत होता ते समजतं.

अशी दोन-तीन घरं नीट बघितली तरी दिवसाला पुष्कळ झाली. प्रत्येक घराशी एवढं थांबायचं नाही, नाहीतर बरोबरची माणसं सोडून जातील.

बसायची वेळ ठरवून बसा

दर पाऊण तासाने दहा मिनिटं बसा, दमला नसाल तरी. दमल्यावर बसलेला माणूस पायाकडे बघतो, आधीच बसलेला रस्त्याकडे. जागा अशी निवडा की समोर दोन वाटा मिळत असतील. वहीत फोटोत न येणारं लिहा: कसले आवाज, कुठला वास, कोण कुणाला हाक मारतंय. फोटो काढायचे ते या बैठकीनंतर, बघून झालेल्या गोष्टींचे. आपोआप कमी निघतात आणि बरे निघतात.

लोक राहतात तिथे

उघडं दार म्हणजे आमंत्रण नव्हे. अंगण कितीही सुंदर असलं तरी उंबऱ्याबाहेर उभं राहून विचारायचं, नकार आला तर हसून पुढे. वाळत घातलेले कपडे, खेळणारी मुलं, दारात बसलेली म्हातारी माणसं यांचे फोटो न विचारता नकोत. दगडी बोळात आवाज घुमतो, तेव्हा सकाळी हळू बोला. चौघे-पाचजण असाल तर एकामागे एक चाला. मोरोक्कोतल्या फेझच्या जुन्या शहरात मोटारी शिरत नाहीत, माल खेचरांवरून जातो, आणि मागून 'बालाक!' अशी आरोळी आली की भिंतीला चिकटायचं असतं. इतर वस्त्यांत आरोळी येत नाही एवढंच; कामावर निघालेला माणूस मागे तिष्ठत असतोच. पाहुण्यांच्या गर्दीने रहिवासी किती कावतात याची कल्पना यावी म्हणून सांगतो, व्हेनिसने २०२४ साली दिवसभरासाठी येणाऱ्यांवर ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क सुरू केलं.

बोलायची इच्छा असेल तर छोट्या कामाचा प्रश्न विचारा. 'या वस्तीचा इतिहास सांगा' म्हटलं की माणूस गडबडतो. 'हे दार इथून का बंद केलंय?' म्हटलं की शेजारच्यालाही बोलावून आणतो.

मार्गदर्शकाबरोबर फिरायचं का? जरूर, पण आधी एकट्याने भटकून झाल्यावर. मग आपल्याकडे प्रश्न असतात. गट शक्यतो दहाच्या आतला बघा. अनेक शहरांत मे महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी 'जेन्स वॉक' या नावाने रहिवासीच फुकट फेऱ्या काढतात. नगररचनेवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांच्या स्मरणार्थ २००७ साली टोरांटोत ही प्रथा सुरू झाली. अशा फेरीत सनावळ्या कमी आणि 'आमच्या लहानपणी इथे' जास्त असतं.

परत त्याच वाटेने या

प्रवासाच्या सल्ल्यांत नेहमी सांगतात की आलेल्या वाटेने जाऊ नका. मी उलट सांगेन. सकाळच्या निदान एका गल्लीतून दुपारनंतर उलट्या दिशेने चला. ऊन समोरच्या भिंतीवर गेलेलं असतं, बंद दुकानांच्या जागी उघडी दुकानं असतात, आणि जाताना जी बाजू पाठीमागे होती ती आता तोंडासमोर येते. सकाळी भिंत वाटलेली जागा फळ्यांचं दार निघते. नवी गल्ली आणि ओळखीची गल्ली यातली एकच जमणार असेल, तर ओळखीची घ्या.

मुक्कामावर पोचल्यावर

फोटो चाळायच्या आधी कोरा कागद घ्या आणि फिरलेल्या तुकड्याचा नकाशा आठवणीने काढा. वाकडातिकडा चालेल. उंच खूण, उतार, बसलेल्या जागा, ती दोन-तीन घरं, गल्ल्यांची तोंडं. मग खऱ्या नकाशाशी ताडून बघा. जिथे गल्ल्या भलत्याच जोडल्या गेल्यात किंवा कागद कोराच राहिलाय, तिथे आपण बहुधा बोलत नाहीतर फोन बघत चाललेलो असतो. दुसऱ्या दिवशी तास-दोन तास हाताशी असतील तर नव्या भागात न जाता त्या कोऱ्या जागेपासून सुरुवात करा.